अक्षरांवरची रेघ

"दाबू काय?" नंदूनं विचारलं. त्याचं बोट एंटरवर टेकलेलं होतं.

"थांब जरा," मी म्हणाले.

"अक्का, मघापासून तू थांबच म्हणतीयस. ते परत यायच्या आत व्हायला पाहिजे की नको?"

पडद्यावर निळ्या रंगावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांनी विचारलं होतं, की हा भाग फॉरमॅट केला तर यावरचं सगळं जाईल, चालेल का? मला तो 'सगळं' शब्द काही सोसेना. कॉम्प्युटरला काय, त्याला सगळं म्हणजे सगळंच.

घरात आम्ही दोघंच होतो. आई अण्णांना घेऊन रिक्षानं फिजिओथेरपीला गेली होती. दोघं परत येईपर्यंत जुनी विंडोज पुसून नवीन टाकायची, आणि अण्णांची फाईल होती तशी त्यांच्या पुढ्यात ठेवायची, असा आमचा बेत होता. माझा धाकटा भाऊ नंदू पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत होता आणि तेवढ्यासाठी सांगलीला आला होता. आमचं मशीन फार म्हातारं झालं होतं. मधेच आपोआप बंद पडायचं, कधी सुरूच व्हायचं नाही. आज फाईल उघडली म्हणजे उद्याही उघडेल याची कुणी हमी देत नव्हतं.

फाईल म्हणजे गुऱ्हाळकोश. अण्णांचं लहानपण वारणाकाठच्या एका गुऱ्हाळावर गेलं. उसाचा रस काहिलीत पडल्यापासून गुळाची ढेप बाहेर निघेपर्यंत तिथली माणसं जे जे बोलत, ते शब्द अण्णांनी निवृत्तीनंतर गावोगाव फिरून गोळा केले. मग कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकले आणि एका बोटानं एकेक शब्द, त्याचा अर्थ, तो कोण कधी वापरतो, असं सगळं लिहून काढलं. त्यातले निम्मे शब्द सांगणारी माणसं तोवर वारलीही होती. म्हणजे ते शब्द आता फक्त या फाईलमध्ये होते.

अण्णा, आमचे वडील, नोकरीनं मुद्रितशोधक. सांगलीच्या एका दैनिकात उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवला. भूपाल मगदूम रात्रपाळीला आहेत म्हटलं की उपसंपादक ऱ्हस्वदीर्घ दोनदा बघून मजकूर सोडत. आमच्याकडे आलेली लग्नपत्रिका आधी लाल पेनानं तपासली जायची, मग लग्नाला जायचं की नाही ते ठरायचं. माझ्या दहावीच्या निबंधावर त्यांनी असं काही रक्त सांडलं होतं की मी पुढे मराठी सोडून गणित घेतलं. आवाज कधी चढवायचे नाहीत. चुकीवर बोट ठेवायचे आणि आपण बोलायची वाट बघायचे. त्या बोटाला मी आयुष्यभर भ्याले.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, उजवा हातपायही हळूहळू वळायला लागला. डॉक्टरांनी एकच बजावून सांगितलं, "मनाला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. प्रेशर चढलं तर दुसरा झटका यायला वेळ लागणार नाही." घरी आल्यापासून अण्णा रोज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसायचे. कोशावर शेवटचा हात फिरवला की प्रकाशकाकडे धाडायचं, म्हणायचे. झालं का म्हणून मी विचारलं तर म्हणायचे, "घाई कशाची? वाचतोय."

मी जात्याच भित्री. गॅस बंद केलाय का ते बघायला बसस्टॉपवरून परत येणारी. त्यामुळे कोशाच्या मी जागोजाग प्रती करून ठेवल्या होत्या. एक डी ड्राइव्हवर, एक सीडीवर, एक पेनड्राइव्हवर, आणि एक मीच मला ईमेलनं पाठवलेली. नंदू म्हणाला होता, "एवढ्या कॉप्या तर बँकसुद्धा ठेवत नसंल." पण सगळं करून झाल्यावर मला पहिल्यांदाच जरा धीर आला होता.

"दाब," मी म्हणाले आणि देवघराकडे तोंड करून उभी राहिले.

पुढचं सगळं नीट झालं, आणि तेच मला खटकत होतं. नवीन विंडोज आली, नवं हिरवंगार चित्र आलं, कसलीशी धून वाजली. इंटरनेट तेवढं चालू होईना, त्याला काहीतरी वेगळं टाकावं लागतं म्हणे. नंदूनं डी ड्राइव्ह उघडला. अण्णांचा फोल्डर होता. आत फाईल होती. नाव बरोबर, आकार बरोबर.

"बघ," नंदू म्हणाला, "उगंच घाबरवतेस माणसाला." त्यानं फाईल उघडली.

इंग्रजी ई, त्याच्या डोक्यावर टोपी. मग पौंडाची खूण. मग एक उलटं प्रश्नचिन्ह, दोन टिंबं घातलेला यू, परत ई. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं. शब्द होते तिथे शब्द, मोकळी जागा होती तिथे मोकळी जागा, पण मराठी एक अक्षर नाही.

नंदूनं फाईल बंद केली, परत उघडली. मग पेनड्राइव्ह लावला. तेच. सीडी घातली. ती घरघरली आणि तिनंही तेच दाखवलं. मी पायात चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत धावत गेले. तिथला मुख्य माणूस आधी आलेल्या दोघांचं होईपर्यंत मला थांबायला सांगत होता, पण माझं तोंड बघून त्यानं स्वतःची खुर्ची दिली. ईमेल उघडला, फाईल उघडली. टोपी घातलेला ई माझ्याकडे बघत होता.

परत आले तेव्हा नंदू डोकं धरून बसला होता.

"फॉन्ट," तो म्हणाला.

"काय?"

"अण्णांनी टाइप केलंय ते खरं मराठी नव्हेच, अक्का. आतनं ही अशीच इंग्रजी अक्षरं आहेत. त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचं काम तो फॉन्ट करत होता. पेपरवाल्यांचा जुना फॉन्ट. तो सी ड्राइव्हवर होता."

सी आम्ही पुसला होता. चार ठिकाणी मी जे जपून ठेवलं होतं, ते मुखवट्याखालचं होतं. अक्षरं वेगळी बांधून ठेवायची असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं कुणाला सुचलं असतं?

"मग तो फॉन्ट परत टाक की."

"कुठनं टाकू? विकतचा होता तो. त्यांच्या ऑफिसातल्या कुरणेंनी येऊन घातलेला."

मी कुरणेंच्या घरी फोन लावला. त्यांच्या मिसेसनी सांगितलं, ते पुतणीच्या लग्नाला निपाणीला गेलेत आणि मोबाईल इथंच चार्जिंगला राहिलाय. फॉन्टचं विचारलं तर म्हणाल्या, "ते ऑफिसातलं सामान, मला काय ठावं?"

"मिळंल गं," नंदू म्हणाला. "फॉन्ट मिळाला की जसंच्या तसं दिसंल."

"आणि नाही मिळाला तर?"

त्यानं फाईल आणखी एकदा उघडली.

"मिळाला आणि दुसराच निघाला तर?"

"अक्का, तू आता बोलू नको."

नंदू लहानपणापासून कशाला भ्यायचा नाही. विहिरीत उडी मारताना तोच पुढे. त्याचा चेहरा असा पांढराफटक मी कधी बघितला नव्हता. कोश गेला असेल, ही एक भीती. अण्णा येतील, हे बघतील आणि इथेच या खुर्चीत कोसळतील, ही दुसरी. पहिलीपेक्षा दुसरी मोठी होती. जिभेखाली ठेवायची गोळी कुठल्या डब्यात आहे ते मी मनात घोकून ठेवलं. डॉक्टरांचा नंबर हातावर लिहिला.

फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

"बंद कर ते," मी म्हणाले. नंदूनं पडद्याचं बटण दाबलं.

अण्णा काठी टेकत आत आले. मागून आई, तिच्या हातात भाजीची पिशवी. अण्णांनी चपला काढल्या, एकेक, वेळ घेऊन, आणि सरळ कॉम्प्युटरकडे बघितलं.

"झालं का रे मशीन?"

"झालंय. जरा सेटिंग राहिलंय, अण्णा."

"फाईल आहे ना?"

"आहे की."

"मग उघड."

"तुम्ही दमलाय, अण्णा," मी म्हणाले. "आई चहा टाकतीय. जरा पडा आधी. संध्याकाळी बघा सावकाश."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तपासनीसाची नजर होती ती, झटक्यानंही त्यात फरक पडला नव्हता. "एवढी का घाबरलीस?"

"कुठं काय."

"नंदू, उघड फाईल."

नंदूनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे नको अशी हलवली, पण अण्णा खुर्चीत बसलेसुद्धा होते आणि पडद्याचं बटण त्यांना माहीत होतं. ते त्यांनी डाव्या हातानं दाबलं. फाईल तशीच उघडी होती. आम्ही ती बंद करायला विसरलो होतो.

अण्णांनी चष्मा चढवला.

मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते, पडलेच तर धरता यावं म्हणून. ते पुढे वाकले. पहिल्या पानावर त्यांची नजर थांबली आणि थांबूनच राहिली. मग त्यांनी डावं बोट उचललं आणि पडद्याच्या काचेवर एका ओळीवरून डावीकडून उजवीकडे फिरवलं. पुन्हा खालच्या ओळीवरून फिरवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि श्वास मला ऐकू येत होता. आता ते वळतील, आता ते चुकीवर बोट ठेवतील आणि मी बोलायची वाट बघतील. मी काय बोलणार होते?

अण्णांनी पान खाली सरकवलं. आणखी एक. मग भराभर पुष्कळ पानं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. आवाज बारीक निघाला. "सगळं जागच्या जागी आहे. काही गेलेलं नाही."

नंदूच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. माझ्याकडे बघून तो हसलाही. मग हळूहळू त्याचं हसू गेलं, आणि त्यानं पडद्याकडे बघितलं, मग अण्णांकडे.

मला कळलं होतं. पण ते कळून घ्यायला मन तयार नव्हतं. ज्या माणसानं पहिल्या ओळीत दहा चुका धरल्या असत्या, तो हे बरोबर आहे म्हणत होता. सकाळपासून मी कॉम्प्युटरला भीत होते, आणि गेलेलं होतं ते भलतंच.

आई चहा घेऊन आली. कप ठेवायला वाकली आणि तिची नजर पडद्यावर गेली.

"अगंबाई, हे काय झालंय? ह्यात एक अक्षर मराठी दिसंना."

तिला गप्प करायला मी हात पुढे केला, पण बोलणं होऊन गेलं होतं. अण्णा खुर्चीतच वळले.

"काय म्हणालीस?"

"मराठी कुठाय ह्यात? सगळं इंग्रजी उमटलंय काहीतरी."

अण्णा आईकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग नंदूकडे. त्यांच्या तोंडावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं, आणि ते भय होतं हे ओळखायला मला वेळ लागला. अण्णांना भय वाटू शकतं, हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

"त्रिशला," ते म्हणाले, "तुला काय दिसतंय ते सांग."

"अण्णा, फॉन्ट गेलाय. आमच्याकडून राहिला. ते मराठी..."

"ते नंतर. आत्ता तुला वाचता येतंय का?"

"नाही."

"नंदूला?"

"मलापण नाही येत, अण्णा."

"आणि वरची रेघ? अक्षरांवरची रेघ आहे का?"

मला प्रश्नच कळला नाही. मी पडद्याकडे बघितलं. टोप्या होत्या, टिंबं होती. मराठी शब्दांना बांधून ठेवणारी वरची रेघ अर्थातच कुठे नव्हती.

"नाही, अण्णा. रेघ नाही."

"खरं सांगतीयस? मला बरं वाटावं म्हणून नव्हे ना?"

"खरंच नाही, अण्णा. कुणालाच दिसत नाही ती."

अण्णांनी डोळे मिटले. गोळी आणायला मी वळले, तर त्यांनी माझं मनगट धरलं, डाव्या हातानं, घट्ट.

"मला वाटलं, आज रेघपण गेली," ते म्हणाले.

आईनं पदर तोंडाशी नेला.

"दवाखान्यातून आल्यापासून अक्षरं लागत नाहीत मला. दिसतात. कुठलं कुठलं ते कळत नाही. पेपर बघतो, तो तसाच. कोश बघतो, तो तसाच. मी लिहिलेला. पण वरची रेघ दिसायची. शब्द कुठं सुरू होतो, कुठं संपतो, तेवढं कळायचं. म्हटलं, रेघ आहे म्हणजे खालचं येईल परत हळूहळू. पाय आला तसं. आणि आत्ता बघतो तर..." त्यांनी पडद्याकडे बोट केलं आणि वाक्य तसंच सोडलं.

"मग सांगायचं नव्हतं का कुणाला?" आई म्हणाली. "मला तरी?"

"काय सांगू? भूपाल मगदूमला वाचता येत नाही म्हणून सांगू?"

"डॉक्टरांना तरी."

"डॉक्टर म्हणाले असते, आता येणार नाही. मग?"

मी खाली बसले, त्यांच्या खुर्चीशी, फरशीवर. इतके दिवस हा माणूस रोज सकाळी आंघोळ करून या पडद्यासमोर बसत होता आणि वाचतोय म्हणून सांगत होता. मी पलीकडच्या खोलीत शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत बसायचे. मशीन बंद पडेल का, व्हायरस कोशात शिरेल का, याची काळजी करायचे. मला रडू फुटलं.

"तू नको रडू," अण्णा म्हणाले. "तू आधीच घाबरट. म्हणून तर तुला सांगितलं नाही."

कुरणे पुढे निपाणीहून परत आले आणि त्यांनी फॉन्ट आणून दिला. तो बरोबरचाच निघाला. कोश छापून आला. त्याची शेवटची तपासणी मी मोठ्यानं वाचून आणि अण्णांनी डोळे मिटून ऐकून केली, आणि ऐकूनसुद्धा त्यांनी माझ्या वाचण्यातल्या इतक्या चुका काढल्या की मला परत दहावीत गेल्यासारखं झालं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं.

त्या दुपारी अण्णांनी चहाला हात लावला नाही. चहावर साय धरली. मग त्यांनी काठी ओढली आणि उठले.

"कुठं निघालाय?" आईनं विचारलं.

ते स्वयंपाकघराच्या दाराकडे गेले. दाराशेजारी भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं होतं. तारखांचे मोठे आकडे, आणि त्यांच्याखाली बारीक मराठीत सणवार, तिथी छापलेलं. मला त्यांना अडवावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर अण्णांनी कधी पान सोडलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. ते स्वतः बघणार होते. आणि तिथेही रेघ दिसली नाही तर? फॉन्टचं निमित्त तिथे चालणार नव्हतं.

नंदू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. लहानपणी धरायचा तसा त्यानं माझा हात धरला.

अण्णा कॅलेंडरच्या अगदी जवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि डावं बोट कागदावर ठेवलं. बोट एका चौकोनात थोडं सरकलं, थांबलं, पुन्हा मागे आलं. आम्ही तिघं बघत होतो.

"अक्षरं नाहीत," अण्णा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले.

मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "रेघ आहे."